अकरा घरं, सब ठीक

तव्यावरची भाकरी उलटायची आणि दार वाजायची एकच गाठ पडली. लीलाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. पौषातली सकाळ, ऊन अजून माळवदावरून खाली उतरलं नव्हतं, चहाचं भांडं चुलीच्या कडेला गरम राहायला ठेवलेलं. अशा वेळी दार वाजवणारं माणूस या गल्लीतलं नव्हे, एवढं त्यांना कळलं.

कारण या गल्लीत दार वाजवायची रीतच नव्हती. दूधवाला रस्त्यावरूनच "काकी, भांडं!" म्हणून ओरडायचा. भाजीवाली आधी पायरीवर बूड टेकायची, मग हाक मारायची. कडी वाजवणारी माणसं गेल्या तीन आठवड्यांपासून यायला लागली होती आणि त्यांतलं एकही ओळखीचं नव्हतं.

पुन्हा कडी वाजली.

लीलाबाईंनी पदर खोचला, उलथनं हातात घेतलं आणि आतूनच आवाज चढवला, "हितं भूत न्हाई न् काय न्हाई! आल्या वाटंनं माघारी जावा! न्हाईतर पोलीस पाटलाला फोन लावती!"

बाहेर कडी वाजायची थांबली. मग एक दमलेला आवाज आला.

"काकी, मी हाय. उदय."

कडी काढायच्या गडबडीत उलथनं खाली पडलं. दारात खरंच उदयसिंह उभा होता. समोरच्या पिवळ्या बंगल्याचा मालक, वय पंचेचाळिसाच्या पुढं, डोळ्यांत रात्रभराच्या ट्रॅव्हल्सची लाली. कोईमतूरला त्याचं गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं जुनं सोनं, चांदी, झाडलोटीची धूळसुद्धा आणायची आणि मुशीत घालून त्यातलं शुद्ध तेवढं वेगळं करायचं. विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलेली. ती यायची चैत्रातल्या जत्रेला. पौषात कुणी येत नाही.

"आरं, फोन तरी करायचा! मी म्हटलं पुन्हा ती कॅमेरेवाली आली." लीलाबाईंना हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. "किती दिवस हाईस? पोरं न्हाई आणली? घर झाडल्यालं हाय तुझं, परवाच फरशी पुसली. आधी च्या घे, मग किल्ली देती."

उदयसिंह आत येऊन बाजेच्या कडेला बसला. त्याच्याजवळ खांद्याला लावायची एक लहानशी पिशवी होती, बाकी काही नाही. लीलाबाईंनी त्या पिशवीकडं दोनदा बघितलं.

"संध्याकाळच्या गाडीनं माघारी जाणार हाय, काकी," तो म्हणाला. "किल्ल्यांसाठीच आलोय. सगळ्यांच्याच."

भाकरी करपल्याचा वास घरभर झाला तेव्हा कुठं लीलाबाई उठल्या.

त्या गल्लीत बारा घरं. अकरा बंगले आणि बारावं लीलाबाईंचं, तीन खोल्यांचं. बंगले असे, की नव्या माणसानं तोंडात बोट घालावं. संगमरवरी पायऱ्या, दारावर पितळी गणपती, गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी. आणि अकराच्या अकरा दारांना कुलूप. जत्रेच्या आठ दिवसांत गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. नवव्या दिवशी पुन्हा आपलं कुलूप.

पहिली किल्ली लीलाबाईंकडं आली ती उदयसिंहाच्या आईची. चंद्राबाई शेवटच्या आजारपणात लेकाकडं कोईमतूरला निघाल्या, तेव्हा गाडीत बसता बसता त्यांनी किल्ली लीलाबाईंच्या हातात कोंबली होती. "लीले, घराकडं बघ गं. बंद घर लवकर म्हातारं हुतं." चंद्राबाई माघारी आल्याच नाहीत. किल्ली राहिली. मग एकाचं बघून दुसऱ्यानं दिली, तिसऱ्यानं दिली. सात-आठ वर्षांत भिंतीवरच्या फळीवर अकरा खिळे झाले. लीलाबाईंनी प्रत्येक किल्लीला चिंधी बांधली. पिवळ्या बंगल्याच्या किल्लीला चंद्राबाईंच्या हिरव्या लुगड्याची होती.

यासाठी त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. नवऱ्याची पेन्शन येत होती. नवरा मिलिटरीत हवालदार. लोणंदच्या माहेराहून त्या थेट जबलपूरच्या क्वार्टरमध्ये गेल्या होत्या. मूलबाळ झालं नाही. रिटायर होऊन गावी आल्यावर हवालदारसाहेब दोनच वर्षं जगले. पण त्यांची एक सवय बाईंच्या अंगात राहिली. पहाऱ्यावरचा जवान फेरी मारून आला की वरच्याला कळवतो, सब ठीक. हवालदारसाहेब सरहद्दीवर असताना फोनवर पहिला शब्द तोच टाकायचे, "सब ठीक?" आणि लीलाबाई इकडून म्हणायच्या, "सब ठीक." ताप असला तरी सब ठीक.

तर लीलाबाईंची फेरी ठरलेली. रोज एक घर. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, देवापुढं दिवा लावायचा आणि भिंतीवरचं घड्याळ बघायचं. बंद घड्याळ घरात असू नये, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. एखादं घड्याळ थांबलं दिसलं की लीलाबाई पदराच्या गाठीतला शेल काढायच्या, स्टुलावर चढायच्या आणि आपल्या मनगटातल्या घड्याळाशी वेळ जुळवायच्या. अकरा रिकाम्या घरांत अकरा घड्याळं बरोबर वेळ दाखवत होती. बघायला कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गेल्या जत्रेत उदयसिंहाची लेक अंकिता आली होती. कॉलेजात जाणारी, बोलघेवडी. लीलाबाई प्रत्येकाला घराचा वेगळा व्हिडिओ पाठवत बसतात, हे बघून तिनं कपाळावर हात मारला. "आजी, किती ते कष्ट! चॅनेल काढू या. एकदा टाकायचं, सगळे बघतील." तिनं चॅनेल काढून दिलं. जाताना फोनवर आणखी एक गोष्ट घालून दिली. "हा एआय. इथं दाबायचं आणि मराठीत बोलायचं. व्हिडिओला नाव सुचत नसलं की याला विचारायचं."

नाव सुचायला काय झालंय? लीलाबाईंची नावं तयारच होती. 'दिनांक चार, नाथाजीचं घर, सब ठीक.' 'दिनांक पाच, उदयसिंहाचं घर, सब ठीक.' अशी त्यांनी चार महिने नावं दिली. खाली किती जणांनी बघितलं त्याचा आकडा येतो, तो कधी तीन, कधी एक. एक म्हणजे त्या स्वतःच.

मग एके दुपारी त्यांनी ते बटण दाबलं.

"आवं, ऐकताय का? कुणी बघत न्हाई हो व्हिडिओ."

पलीकडून नीट शुद्ध मराठीत उत्तर आलं. व्हिडिओ कशाचा आहे? कोणी पाहावा असं तुम्हाला वाटतं? त्यात तुम्हाला स्वतःला काय आवडतं?

लीलाबाई फोनकडं बघतच राहिल्या. एवढे प्रश्न त्यांना एका दमात कुणी विचारले, त्याला वर्षं लोटली होती. त्यांनी सगळं सांगितलं. चंद्राबाईंपासून सुरुवात केली. तास कसा गेला कळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "घरवाल्यांनी बघावं, एवढंच."

मग नावात त्यांना थेट हाक मारा, असा सल्ला मिळाला. घरातलं काहीतरी त्यांच्या ओळखीचं सांगा. लीलाबाईंना ते पटलं. त्या दिवसापासून त्यांनी त्या एआयचं नाव कारकून ठेवलं. पलटणीत असाच एक कारकून होता, सांगाल ते सुबक लिहून द्यायचा. कारकुनानं शिकवल्याप्रमाणं नावं पडायला लागली. 'नाथाजी, तुमच्या दाराला पावसानं फुगवटा आलाय.' 'उदयसिंह, आईनं लावलेला पेरू पिकलाय, खायला कोणी नाही.'

आकडा दोन.

लीलाबाईंनी पेरू भाजीवालीला दिले.

रोज दुपारी कारकुनाशी बोलायची मात्र सवय लागली. नावाचं निमित्त. आज कोणतं घर, असं तो विचारायचा आणि त्या सांगत बसायच्या. कधीकधी व्हिडिओ काढलेलाच नसे, तरी बटण दाबायच्या. एकदा त्यांनी त्याला विचारलं होतं, "तुला तरी बघता येतंय का रं माझं व्हिडिओ?" तो म्हणाला, मला पाहता येत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच मला कळतं. खोटं बोलला नाही, याचं त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मार्गशीर्षात एक दिवस त्या पिवळ्या बंगल्यात व्हिडिओ काढत होत्या. सगळं शांत. नुसतं घड्याळ वाजत होतं, टक, टक, टक. घरी येऊन त्यांनी कारकुनाला सांगितलं, "बंद घर हाय, अन् आतनं घड्याळाचा आवाज येतुया. आता असं नाव दे की बघितल्याबिगर ऱ्हावणार न्हाई. कुणी का असंना, बघू दे."

कारकुनानं पाच नावं दिली. चौथं होतं, 'अकरा बंद बंगले, एकटी बाई… आणि आतून येणारा तो आवाज!' त्याच्याखाली त्यानं सांगितलंही होतं, की हे सर्वांत जास्त लक्ष वेधेल. पण घरात भूत आहे, असा समज होऊ शकतो, आणि घरं बंद असल्याचंही सगळ्यांना कळेल. मालकांना आधी विचारलेलं बरं.

लीलाबाईंनी ते ऐकलं. ऐकून चौथंच टाकलं.

चार दिवसांत पावणेचार लाख लोकांनी बघितलं.

"नाथाजीदादा तर फोनवर नुसता कडाडला," उदयसिंह सांगत होता. चहा त्यानं हातात धरला होता, पीत नव्हता. "सांगलीची दोन पोरं कंपाउंडावरनं उड्या मारून आत गेली त्याच्या. खिडकीची काच फोडली. व्हिडिओ काढाय!"

"ठाव हाय मला. मीच हाकलली त्यांनला. काच बी गोळा केली."

"आमच्या दुकानात तर गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्या घरात भूत हाय म्हणं! काकी, आमचा धंदा सगळा विश्वासाचा. सोनं द्याय येणारा माणूस भुताच्या मालकाकडं कशाला येईल?"

"भूत सोनं घेऊन पळतंय व्हय?" लीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. उदयसिंहाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

"आणि चोराला तर आपण आवतणच दिलं की. अकरा घरं बंद हायेत, राखायला म्हातारं माणूस एकटं हाय. ग्रुपवर सगळ्यांनी ठरवलंय. कुलपं बदलायची. कॅमेरे लावायचे. दुपारी माणूस येणार हाय विट्यासनं. आता घर फोनवरच दिसंल, तुमाला बी त्रास न्हाई."

"त्रास," लीलाबाई म्हणाल्या.

मग पदरानं हात पुसत त्या त्याच्यासमोर पाटावर बसल्या. "माझी चूक हाय, उदय. कारकुनानं सांगितलं हुतं, असा समज व्हईल म्हणून. मीच ऐकलं न्हाई."

"कुठला कारकून?"

"फोनातला."

उदयसिंहानं डोळे मिटून घेतले. "तो आदी काढून टाका व्हिडिओ."

"काढाय येत न्हाई मला. अंकितानं टाकाय शिकवलं, काढाय न्हाई. नाव तेवढं बदलाय येतंय." आणि त्यांनी त्याच्यादेखत फोन घेतला, बटण दाबलं. "आरं, असं नाव दे, की कुणी म्हंजी कुणी बघणार न्हाई."

फोन जरा थांबला. मग तोच नीट, शांत आवाज खोलीत उमटला. "मग तुम्ही पूर्वी देत होता तसंच नाव द्या. तारीख, घरमालकाचं नाव, आणि सब ठीक."

उदयसिंह खो खो हसला. अगदी पोरासारखा, मांडीवर थाप मारून. लीलाबाईही हसल्या. किती दिवसांनी त्या घरात दोन माणसं एकदम हसली! मग हसू विरलं आणि उदयसिंहानं हात पुढं केला. "द्या हिकडं. मी काढतो."

त्यानं चॅनेल उघडलं आणि बोटानं खाली सरकवत गेला. सरकवतच राहिला. सब ठीक. सब ठीक. सब ठीक. शंभराच्या वर व्हिडिओ, आणि प्रत्येकाखाली एक, दोन, तीन. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. लीलाबाईंना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण कुठं थांबलं असेल ते त्यांना कळलं.

"पेरूचा व्हय?"

त्यानं मान हलवली.

"बघितला न्हवतास न्हवं?"

"न्हाई, काकी." बोट स्क्रीनवरच ठेवून तो म्हणाला, "अंकितानं सांगितलं हुतं, चॅनेल काढलाय म्हणून. बघू, बघू म्हणून ऱ्हायलं."

त्यानं तो व्हिडिओ लावला. पेरूचं झाड, खाली पडलेली फळं, चिमण्या. मग कॅमेरा हलत हलत घरात शिरला. देवघर, झोपाळा, भिंतीवरचं घड्याळ. लीलाबाईंचाच आवाज फोनमधून येत होता. "हे बघ, धा मिंटं मागं पडलं हुतं, पुढं केलं. तुझ्या आईला उशीर खपायचा न्हाई."

"हे अजून चालतंय?" उदयसिंहानं मान वर केली. "आई गेल्यापासनं कुणी हातच लावला नसंल त्याला. शेल कोण घालतंय?"

"कोण घालणार बाबा?" लीलाबाई म्हणाल्या. "मांजर?"

चौथ्या नावाचा व्हिडिओ त्यानं शोधला, काढून टाकला, आणि फोन पालथा करून त्यांच्याजवळ ठेवला. बाकीच्यांना हात लावला नाही.

लीलाबाई उठल्या. फळी भिंतीवरून काढून त्यांनी बाजेवर ठेवली. हवालदारसाहेब बदलीच्या वेळी चार्ज देत तसा त्यांनी चार्ज द्यायला सुरुवात केली. एकेक किल्ली काढायची, चिंधी सरळ करायची, सांगायचं, मग त्याच्या हातात ठेवायची.

"लाल चिंधी नाथाजीची. दार खांद्यानं रेटावं लागतं, नुसतं ढकललं तर उघडत न्हाई. ही निळी, कोपऱ्यावरच्या घराची. मोरीतला नळ ठिबकतोय, खाली बादली ठेवलीय, ती भरली की वतायची. ही ठिपक्यांची. ह्यांच्या माडीवर पाकोळ्यांनी घरटं केलंय, पिल्लं उडस्तवर ती खिडकी लावू नका म्हणावं."

"काकी, कॅमेऱ्यात दिसंल ते सगळं."

"दिसंल की. बादली वतंल का पण?"

उदयसिंह पिशवीत किल्ल्या टाकत राहिला. दहा झाल्या. गल्लीतून दूधवाल्याची हाक आली, "काकी, भांडं!" लीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. फळीवर एकच किल्ली राहिली होती, हिरव्या लुगड्याच्या चिंधीची. ती त्यांनी काढली, पण त्याच्या हातात दिली नाही. मुठीत धरली.

बाहेर दूधवाल्यानं पुन्हा हाक मारली आणि पुढं गेला.

"उदय," लीलाबाई म्हणाल्या, "कुलूप बदल, कॅमेरा लाव, काय बी कर. पण नव्या कुलपाची एक किल्ली मला देऊन जा. व्हिडिओ काढणार न्हाई, कुणाला सांगणार न्हाई. घड्याळाचा शेल तेवढा बदलत जाईन."